गुरुवारची गादी

आपा, आज गुरुवार. सकाळी साडेनऊला तुमच्या सुनेकडून, नसरीनकडून किल्ली मागून घेतली, तुमच्या दुकानाचं शटर वर केलं आणि सहा गाद्या एकीला एक लावून घातल्या. तुम्ही असत्या तर दारातूनच ओरडल्या असत्या, "मास्तरीन, कोपरे जुळव ना व! मधात फट राह्यली त लेकराचा पाय अटकते." कोपरे जुळवले. गुडघे टेकून, हातानं चाचपून पाहिलं, फट नव्हती.

तुम्ही गेल्या त्याला अठरा दिवस झाले. चाळिसावा व्हायचा आहे अजून. रडायचं तेवढं मी पहिल्या आठवड्यात रडून घेतलं, आता लिहायला बसले ती रडायला नाही. दोन महिने दर गुरुवारी तुम्ही मला एकच विचारत होत्या, "पल्लवीकडे गेली का?" आणि मी दर गुरुवारी तेच सांगत होते, "जाईन ना." शेवटच्या गुरुवारी तर मी तुमच्या अंगावर खेकसले. "आपा, पुन्हा तेच? किती वेळा तीच रेकॉर्ड लावाल?" तुम्ही लेकरांच्या सरकीच्या बाटल्या टोपलीत भरत राहिल्या. रविवारी सकाळी छातीत दुखतं म्हणाल्या आणि दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं ते. बोलणं कसलं, माझं खेकसणं.

त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. ते द्यायला बसले आहे.

लिहायला बसले की माझी शाळेची भाषा येते, त्याला तुम्ही हसायच्या. हसा. आपली ओळख झाली तेव्हाही हसल्याच होत्या. निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. तीस वर्षं बालवर्ग आणि पहिली शिकवलेली बाई मी, घरात बसून जीव कावला होता. काहीतरी काम काढायचं म्हणून जुनी गादी पिंजायला तुमच्याकडे आणली. दुकानात तीन बाया थांबल्या होत्या, तिघींजवळ दीड-दोन वर्षांचं एकेक लेकरू आणि तिन्ही लेकरांच्या हातात मोबाइल. त्यातल्या एकाचा मोबाइल बंद पडला आणि पोरानं असा भोंगा पसरला की रस्त्यावरची माणसं वाकून पाहायला लागली. त्याची आई चार्जर शोधत होती. तुम्ही उठल्या, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मूठभर सरकी टाकली, झाकण गच्च पिळलं, वरून खोळीच्या कापडाची पट्टी शिवून टाकली आणि बाटली दिली. मला वाटलं पोराला द्याल. तुम्ही ती आईच्या हातात दिली.

"तू वाजव," म्हणाल्या. "थो पाहीन तुह्याकडे."

तिनं लाजत लाजत वाजवली. पोरगं गप्प झालं, बाटलीकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसलं. माझी गादी राहिली बाजूला. मी लगेच म्हटलं, "आपा, याचा वर्ग काढू. मी वेळापत्रक करते, तक्ते करते."

"वर्ग नोको बाई! लेकरू आत्ताच त पोटातून निंगालं, लगेच वर्गात काऊन टाकतं त्याले? बसू आपण. आया-लेकरं घेऊन बसू."

असं आपलं गुरुवारचं बसणं सुरू झालं. गुरुवारी तुमचं दुकान बंद, म्हणून गुरुवार. साडेदहा ते बारा. नियम एकच, आणि तो तुमचा: लेकरू सोडून जायचं नाही. आई असो, आजी असो, जो लेकराला वाढवतो त्यानं गादीवर बसायचं. पहिल्याच दिवशी एक बाई पोराला टेकवून पिशवी घेऊन निघाली, "येते जराशी भाजी घेऊन." तुम्ही पोरगं उचलून तिच्या कडेवर परत दिलं. "भाजी आन, पन याले संग घेऊन आन. इथं पोट्टे सांभाळत नाई. इथं आयांले बसवतो आमी." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बी खाली ये. खुर्चीवरून लेकराचं टाळकं दिसते, तोंड दिसत नाई." मी खुर्ची बाहेर ठेवली. आयुष्यभर खुर्चीवर बसलेली बाई मी, पहिले दोन आठवडे माझ्या मांड्या भरून यायच्या.

खेळणी म्हणजे काय, तर तुमची टोपली. सरकीच्या बाटल्या, दोऱ्याची रिकामी रिळं, डब्यांची झाकणं, रंगीत चिंध्या आणि एक मोठी उशी. मी हौसेनं प्लास्टिकची इंग्रजी अक्षरं आणली तर लेकरांनी ती चावली. तुम्ही म्हणाल्या, "घे, शिकले एबीसीडी, पोटात गेली."

आणि आठवतं का, पहिल्याच महिन्यात मी घातलेला तो घोळ? सुनांना घरून सोडत नाहीत म्हणून मी शहाणपणा केला आणि सासवांनाही बोलावलं. त्या आल्या, भिंतीला टेकून ओळीनं बसल्या आणि समोर सुना दगडासारख्या. आपल्याकडे मोठ्यांसमोर आपल्याच लेकराचे मुके घेणं, त्याच्याशी बोबडं बोलणं म्हणजे निलाजरेपणा. बापानं तर चारचौघांत उचलूही नये. मी स्वतः याच रीतीत वाढले, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली टाळ्या पिटून ओरडते आहे, "चला आयांनो, बाळाशी बोला, बाळाशी खेळा!" आणि आया पदर सारखा करत खाली पाहताहेत. एका लेकरानं तर जांभई दिली.

तुम्ही पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "लेकरं बदला."

"म्हणजे?"

"आपल्या लेकराचे लाड कराची लाज वाटते न? मंग दुसरीच्या लेकराचे करा. त्याची कुठं लाज असते?"

आणि खरंच, आपा, दोन मिनिटांत खोली बदलली. हिचं तिच्याकडे, तिचं हिच्याकडे. कोणी पोटावर फुर्र करतंय, कोणी नाकाला नाक लावतंय. ज्या आयांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता त्या दुसरीच्या पोराला "अले माझं शोनं" म्हणत होत्या. आपलं लेकरू दुसरीच्या मांडीवर खिदळतंय म्हटल्यावर प्रत्येकीची चुळबुळ सुरू झाली. दहा मिनिटांनी तुम्ही टाळी वाजवली, "चला, आपापलं सामान वापस घ्या!" तोपर्यंत जीभ सैल झालेली होती आणि भिंतीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या गुरुवारी भिंतीजवळच्या सासवाही सरकत सरकत गादीवर आल्या. तेव्हापासून आपली सुरुवात तीच राहिली, पहिली दहा मिनिटं लेकरं बदलायची.

त्या दिवशी एक लेकरू जास्तीचं होतं, ते तुम्ही माझ्या मांडीवर आणून टाकलं. सव्वा वर्षाचं, ओल्या चड्डीचं. मला काही सुचेना. शेकडो पोरांना बाराखडी शिकवली मी, पण या एवढ्याशाचं काय करायचं ते कळेना. तुम्हाला एक सांगायचं राहिलं, आपा. माझा अमोल एवढा होता तेव्हा मी दिवसभर दुसऱ्यांची पोरं शिकवत होते आणि घरी आले की वह्या तपासत होते. त्याच्याशी नुसतं खाली बसून खेळल्याचं मला एकदाही आठवत नाही. आता तो पुण्याला आहे, आठवड्यातून एकदा फोन करतो, तब्येत विचारतो आणि ठेवतो. हे मी कोणाजवळ बोलले नाही. पण तुम्हाला कळलं असावं, कारण त्यानंतर दर गुरुवारी एखादं तरी लेकरू तुम्ही माझ्या मांडीवर टाकायच्याच, जास्तीचं असो नसो.

आता पल्लवीचं.

पल्लवी आपल्या मागच्या गल्लीतली सून, माहेर अमरावतीचं. तिची त्रिशा सव्वादोन वर्षांची. काय चपळ पोरगी! उशीवर चढायची, गाद्यांवरून गडगडत जायची, डब्यांची झाकणं बरोबर लावायची. फक्त बोलत नव्हती. एक शब्द नाही. "मम्म" सुद्धा नाही. तुम्ही तिच्याशी तोंडासमोर तोंड नेऊन बोलायच्या आणि ती तुमच्या ओठांना बोट लावायची.

आणि मी काय केलं, तर तक्ता केला. माझी तीस वर्षांची खोड. भलामोठा पुठ्ठा, डावीकडे लेकरांची नावं, वर रकाने: चालतं, जिना चढतं, दहा शब्द, पन्नास शब्द, दोन शब्द जोडतं. जमलं की चांदणी चिकटवायची. भिंतीवर लावला आणि मलाच मोठा अभिमान. तीन आठवड्यांत बाकीच्यांच्या ओळी चमकायला लागल्या आणि त्रिशाची ओळ दोन चांदण्यांनंतर रिकामी. एका गुरुवारी पल्लवीची सासू आली. तक्त्यासमोर उभी राहिली, नावावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सगळ्यायच्या पोट्ट्यायले चांदण्या अन् आमच्या पोट्टीले भोपळा. आमच्या घरात असं कोनी नव्हतं. हे कुठून आलं?"

पल्लवीनं त्रिशाला उचललं, चपला हातातच घेतल्या आणि अनवाणी गेली. पुन्हा आली नाही. पंधरा दिवसांनी कळलं, ती माहेरी निघून गेली.

"काढ थे," तुम्ही तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"आपा, मोजल्याशिवाय कोण मागे आहे ते कळत नाही."

"मोज ना. तुह्या वहीत मोज. भिंतीवर काऊन मोजतं?"

मी काढला नाही. हट्टी आहे मी. पुढच्या गुरुवारी आले तर तुम्ही त्यावर गादीची एक धुतलेली खोळ वाळत घातल्यासारखी टाकून दिली होती. ती खोळ वाळली तरी तिथंच राहिली. त्यावरून आपण दोघी आठ दिवस एकमेकींशी कामापुरतं बोललो.

त्याच सुमारास तुम्ही ते सांगितलं. मला बाजूला बसवून, आवाज खाली करून. "मास्तरीन, थे पोरगी मुकी नाई. मागून बाटली वाजवली त फिरत नाई, अन् गादीवर थाप मारली का झटकन फिरते. मी तीनदा पाह्यलं. तिले आयकूच येत नसन त बोलन कुठून? जिभेले काऊन दोष देता सारे? कान दाखवा म्हना."

आणि मी काय म्हटलं? "तिचं लक्ष नसतं, आपा. मोबाइलची सवय लागलेली आहे. तीस वर्षं पोरं पाहिलीत मी."

"तीस वर्षं तुह्याकडे बोलणारे पोट्टे आले," तुम्ही म्हणाल्या. "शाळेत थेच येतात."

मला ते झोंबलं. खरं होतं म्हणून झोंबलं. तुम्ही पल्लवीला फोन लावला, तिनं उचलला नाही. सासरी विचारलं तर सासूनं नीट पत्ता लागू दिला नाही. मग तुम्ही मला म्हणाल्या, "तू जाय. जिच्यानं मन दुखलं तिनंच जाव लागते. मी गेली त तुही चूक तशीच राहीन." आणि मी म्हटलं, जाईन ना.

जायचं काय होतं? अकोल्याहून अमरावती, एसटीचा अडीच तासांचा रस्ता. मुंबईला जायचं नव्हतं. पण तिच्या दारात जाऊन "चुकलं माझं" म्हणायचं होतं, आणि त्याहून अवघड म्हणजे तुमचं बरोबर असेल हे मानायचं होतं. कधी पाहुणे, कधी लग्न, कधी कंबर. कारणांना काय तोटा!

रागही येतो मला तुमचा, आपा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते. तुम्ही दुसऱ्या कोणाला का पाठवलं नाही? नसरीनला पाठवायचं. तुमचे गुडघे गेले होते, मान्य, पण तुमची जीभ तर शाबूत होती, मला चांगलं फटकारायचं. मग कळतं की तुम्ही कोणाला पाठवलं नाही, कारण मी दर गुरुवारी जाईन म्हणत होते आणि तुम्ही ते खरं धरत होत्या. मग राग पुन्हा माझ्यावरच येऊन बसतो.

तुम्ही गेल्यावर पहिला गुरुवार तसाच गेला. दुसऱ्या गुरुवारी मी घरीच बसणार होते. पण साडेदहाला फोन आला, बाया लेकरं घेऊन शटरसमोर उभ्या होत्या. कोणी काही ठरवलं नव्हतं, आपल्या आपण आल्या. मी धावतपळत पोचले. त्या दिवशी काही नीट जमलं नाही, लेकरं बदलली तर तीन जणांनी एकाच वेळी भोकाड पसरलं. तुमची सून टोपली घेऊन आली आणि बाटल्या माझ्या हातात देता देता म्हणाली, "बाई, अम्मी शनिवारी तुमचंच बोलत होत्या. मी म्हटलं, त्या काई अमरावतीले जात नाई, मीच जाऊन येतो. तर म्हणाल्या, नोको. मास्तरीन जिद्दी हाये, पन खोटी नाई. म्हनते त जाईन."

आपा, मी तिथंच गादीवर बसले. लेकरं अंगावरून जात होती, मला दिसेना. गुरुवारी मी तुमच्यावर ओरडले होते आणि शनिवारी तुम्ही माझी बाजू घेत होत्या. बाया गेल्यावर मी ती खोळ ओढली, तक्ता भिंतीवरून उपटला, चार तुकडे केले आणि चुलीत घालायला तुमच्या नसरीनला दिले. लेकरांची नोंद आता माझ्या वहीत आहे. ती मी सोडणार नाही, पण ती वही ज्याची त्याच्या आईलाच उघडून दाखवीन. यात आपण दोघी थोड्या थोड्या बरोबर होतो, असं माझं मत आहे. तुमचं काय असतं ते मला माहीत आहे, सांगू नका.

सोमवारी सकाळची एसटी धरली. पिशवीत सरकीची एक बाटली आणि स्टीलच्या डब्याचं झाकण. पल्लवीच्या सासूकडे रविवारीच जाऊन बसले होते, चहा घेतला आणि पत्ता मिळाल्याशिवाय उठले नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. तिथल्या स्टँडवर भजी तळत होते, तुम्हाला आवडायची तशी, मिरचीची. उतरले नाही.

पल्लवीच्या आईनं दार उघडलं, मला ओळखत नव्हती, पण "बाई" म्हटल्यावर खुर्ची पुढं केली. मी खाली बसले. त्रिशा कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेली. आवाज पूर्ण मोठा, आणि फोन गालाला दाबून धरलेला. गाणी ती पाहत नव्हती, गालानं घेत होती. हे मला आजवर दिसलं नव्हतं का? कोणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी तिच्या जिभेवर मधात वेखंड उगाळून लावत होते. पोरगी तोंड वेडंवाकडं करत होती बिचारी.

पल्लवी आतून आली आणि दारातच थांबली. नमस्कार नाही, काही नाही.

मी म्हटलं, "पल्लवी, तक्ता माझी चूक होती. फाडून टाकला. पण मी त्यासाठी एवढ्या दूर आले नाही. एक पाहायचं आहे, पाहू दे."

त्रिशाच्या हातात चिंधी दिली, तिची पाठ माझ्याकडे करून बसवलं. मागून बाटली वाजवली. ती चिंधीची घडी घालत राहिली. झाकण फरशीवर आपटलं, पल्लवीची आई दचकली. त्रिशानं मान वळवली नाही. मग मी तिच्याखालच्या गादीवर, तुम्ही मारायच्या तशी, तळहातानं एक थाप मारली. पोरगी गर्रकन वळली आणि माझ्याकडे पाहून हसली.

मी पुन्हा केलं. पल्लवीनं येऊन बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः केलं, एकदा, दोनदा, चारदा. मग बाटली खाली ठेवली.

"बाई, हे तुमाले आत्ता समजलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं, आपा. हो म्हटलं असतं तर झालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "आपाले समजलं होतं. त्यायनं मले सांगतलं होतं. मी मानलं नाही."

"कधी सांगतलं?"

"तू गेली तेव्हाच."

"दोन महिने?" ती म्हणाली. "बाई, दोन महिने मी हिच्या जिभेले वेखंड लावून राह्यली. दोन महिने रोज रडवून राह्यली मी हिले!"

ती आत गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी बसून राहिले. उठून जायचा मला हक्क नव्हता. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, तोंड धुतलेलं.

"आपा काऊन नाई आल्या?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि तुमच्यासाठी अशी रडली, अशी रडली, की तिच्या आईला कळेना ही आपा हिची कोण. त्रिशा आली आणि तिच्या ओठांना बोट लावून पाहायला लागली. पल्लवीनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "कानाचा डॉक्टर कुठं बसते?"

मी मंगळवारी सकाळपर्यंत तिथंच राहिले. डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, अगदीच येत नाही असं नाही. लेकरू झोपवून करायची एक मोठी तपासणी आहे, ती नागपूरला. मग मशीन बसेल, मग शिकवावं लागेल, रोज, तोंडासमोर तोंड नेऊन, जसं तुम्ही करायच्या. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलं. मग म्हणाले, आणखी आधी आणायला पाहिजे होतं. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

ते दोन महिने कोणी परत देणार नाही, आपा. ते माझ्या नावावर राहणार. पण रडत बसले तर तिसराही जाईल, म्हणून मी रडत बसणार नाही.

आज आठ जणी आल्या. पल्लवी कालच सासरी परत आलेली. सासूसकट आली. सासू रिकाम्या भिंतीकडे एकदा पाहून तिथंच टेकून बसली. मी सगळ्यांना आधी सांगितलं, त्रिशाला कमी ऐकू येतं, लपवायचं काही नाही, बोलायचं ते तिच्यासमोर येऊन बोला. हे सांगायचं का, ते मी पल्लवीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, सांगा.

आणि एक बदल केला, तुमची परवानगी न घेता. लेकरं बदलायची आणि परत घ्यायची खूण म्हणजे तुमची टाळी. ती टाळी त्रिशाला कधी ऐकूच आली नव्हती. सगळी लेकरं आपापल्या आईकडे पळायची आणि ही एकटी उशीजवळ मागं राहायची, आणि मी म्हणायचे, लक्ष नाही. म्हणून आजपासून टाळी बंद. आठही जणींना सांगितलं, मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम गादीवर थाप मारायची.

दहा मिनिटांसाठी लेकरं बदलली. पल्लवीनं त्रिशाला माझ्याकडे दिलं नाही, पलीकडच्या बाईकडे दिलं. बरोबर केलं. माझी मांडी आज रिकामी राहिली, तुम्ही नव्हत्या ना टाकायला. दहा मिनिटांनी मी हात वर केला. सगळ्या बायांनी थाप मारली, सासूनंही भिंतीजवळून सरकत येऊन मारली, गाद्यांमधून धूळ उडाली. आणि त्रिशा सगळ्यांच्या आधी वळली. बाकीची लेकरं अजून इकडेतिकडे पाहत होती तोपर्यंत ती आईच्या मांडीवर जाऊन बसली.

बारा वाजता मी गाद्या गुंडाळत होते. पल्लवी चपला घालता घालता थांबली. सकाळपासून माझ्याशी ती कामापुरतंच बोलली होती. पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "बाई, नागपूरची तपासणी सोमवारी हाये. ह्यायले सुट्टी नाई. तुमी येता का संग?"

"येईन ना" अगदी तोंडावर आलं होतं, आपा. जीभ चावली.

"किती वाजता?" मी विचारलं.

"सातची बस हाये."

साडेसहाला स्टँडवर असेन. बाटली पिशवीतच ठेवली आहे.